सांडू मिस्त्रींची तार

शहागडला हायवेलगत सांडू मिस्त्रींचं गॅरेज आहे; दुसऱ्या मिस्त्र्यांच्या पापांचं संग्रहालय म्हणालात तरी चालेल. दारासमोर दोन कडुलिंबांमध्ये एक तार ताणलेली. तिला चिरलेला पिस्टन, दात पडलेला गिअर, जळका क्लच असा मुद्देमाल टांगलेला. प्रत्येकाखाली पत्र्याचा तुकडा, त्यावर ऑइलपेंटनं बिघडवणाऱ्याचं नाव. तीस वर्षं मिस्त्री ही समाजसेवा मनापासून करत आले. तारेवर त्यांचं स्वतःचं नाव एकदाही चढलं नव्हतं, आणि त्यांची सगळी इज्जत त्या न लागलेल्या पाटीवर उभी होती.

त्या दिवशी मस्तगडचे राधेश्याम शेठ आपली ऑटोमॅटिक गाडी रखडवत घेऊन आले. गाडी तिसऱ्या गिअरवर रुसून बसली होती. वर चढेना, खाली उतरेना.

"जालन्याचा गोरक्षनाथ मिस्त्री म्हनला, पूरा गिअरबॉक्स बदला."

"म्हननारच! त्याला उसाचा रस गोड लागला न्हाई, तर चरक बदला म्हनंल तो."

मिस्त्रींनी स्कॅनर लावला. त्यानं दोन नंबरच्या सोलेनॉइडकडं बोट दाखवलं. सोलेनॉइड म्हणजे गिअरबॉक्सातली अंगठ्याएवढी विजेची झडप: करंट मिळाला की टक करते, तेलाला वाट देते आणि गिअर पडतो. पण स्कॅनरचं काय, तो चुगली करून मोकळा होतो. मिस्त्रींनी आधी वायर तपासल्या, मग मीटर लावला. आकडा बराबर. शेवटी खालचं तेलाचं भांडं उतरवून सगळी सोलेनॉइडं बाहेर काढली आणि एकेकाला क्षणभर बॅटरी दाखवली. टक. टक. दोन नंबरचं मात्र सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखं गप्प.

त्याच्या तोंडात काळा, चिकट गाळ बसला होता. मिस्त्रींनी बोटावर घेऊन वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. हा ट्रॅक्टरच्या तेलाचा वास. दिवाळीत हीच गाडी आली होती. तेल कमी होतं, तिचं लाल पातळ तेल गॅरेजात नव्हतं, आणि एका थोर तज्ज्ञानं डबा उपडा करत म्हटलं होतं, "तेल ते तेल, शेठ! ट्रॅक्टर नांगर ओढतो, हिला तर चार मानसंच ओढायचीत."

तज्ज्ञ कोण, हे सांगायला नको.

शेठ ते साफ विसरले होते. आठवत होतं दोघांनाच: मिस्त्रींना, आणि तेव्हा डबा आणून देणाऱ्या त्यांच्या बायकोला, सगुणाबाईंना.

दोन दिवसांनी एसटीच्या पार्सलनं नवं सोलेनॉइड आलं. मिस्त्रींनी गिअरबॉक्स धुऊन काढला, योग्य ते तेल भरलं. गोदावरीच्या पुलापर्यंत जाऊन येताना गाडीनं पोटातलं पाणी हलू न देता सगळे गिअर टाकले.

शेठ खूश. "मिस्त्री, ह्या जुन्याखाली गोरक्षनाथाचं नाव टाका. त्यानंच बिघडवलं असेल. जल्दी!"

मिस्त्रींनी ब्रश उचलला. 'गो' लिहिला. गोरक्षनाथ तसा त्या लायकीचा होताच. पण नेमकं हे पाप त्याचं नव्हतं. बराच वेळ ब्रश हवेत राहिला. सगुणाबाई भाकरीचं फडकं सोडता सोडता ब्रशाकडं बघत होत्या, आणि त्यांचं न बोलणं मिस्त्रींना बोलण्याहून महाग पडायचं.

मिस्त्रींनी रॉकेलच्या बोळ्यानं 'गो' पुसला आणि 'सांडू' लिहिलं.

"हे काय वो?" शेठ चकित.

"दिवाळीला तेल म्या टाकल्तं, शेठ. तुमी विसरलात. हे बेणं न्हाई विसरलं."

मग त्यांनी ते सोलेनॉइड तारेच्या पार टोकाला, फांदीआड, नाव झाडाकडं करून टांगलं. सगुणाबाई उठल्या, ते काढून मधोमध आणलं, तोंड हायवेकडं फिरवलं आणि डोळे बारीक केले.

"लोकायची नावं ईतभर. आन हे मुंगीनं लिवलंय का?"

मिस्त्रींनी पुन्हा ब्रश बुडवला.