काळी कुपी आणि विवेकची वही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, शालिनीला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय तेही तुमच्याकडे जरा संशयानेच बघत — कारण खोटं पचवलेल्या माणसाला समोरचा प्रत्येकजण खोटा वाटायला लागतो. भाजीवाला, शेजारीण, सख्खी बहीण, सगळे. ही खोड कधीपासून लागली, ते मला नेमकं ठाऊक आहे.

आणि हे मी मराठीत लिहितेय, तेवढं लक्षात असू द्या. त्याचा संबंध आहे.

बाबा बँकेत होते. बदली होऊन आम्ही जयपूरला आलो तेव्हा मी दुसरीत होते, आणि मग तिलक नगरातच राहिलो. शाळेत हिंदी, कॉलेजात हिंदी-इंग्रजी, मराठी फक्त आईपुरती. बोलायला लागले की दर दोन शब्दांनी माझी गाडी हिंदीत घसरायची. वाचणं मात्र — वाचणं मला छान येत होतं. आईने माळ्यावरचे जुने दिवाळी अंक काढून, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मला समोर बसवून शिकवलं होतं. घराबाहेर हे कुणाला माहीत नव्हतं. कशाला असेल?

ही गोष्ट दोन हजार पाचच्या सुमाराची. शालिनी, माझी कॉलेजातली मैत्रीण, मला मानसरोवरच्या एका फ्लॅटवर घेऊन गेली. तिच्या चुलतभावाच्या ऑफिसातले दोघे तिथे राहायचे, विवेक आणि प्रसाद. दोघेही सांगलीचे, एकाच कॉलेजात शिकलेले, नोकरीलाही बरोबरच आलेले. दर रविवारी दुपारी तिथे एक खेळ रंगायचा. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि फासे पडतील तसं जगायचं किंवा मरायचं. गोष्ट विवेकची असायची. प्रसाद शिपाई, शालिनी चोर, तिचा तो चुलतभाऊ मांत्रिक. किमयागार उरला होता. तो मी झाले.

किमयागाराकडे कुप्या असायच्या — लाल, हिरवी, पिवळी, काळी. कशात काय मिसळलं की औषध होतं आणि कशाचं विष, हे फक्त विवेकला माहीत. मी आपला अंदाज बांधायचा. चुकला तर आपल्यातलंच कुणीतरी दगावणार.

पहिल्याच रविवारी प्रसादने मला मराठीत विचारलं, कशी आलीस? मी म्हटलं, "भैयाने स्कूटरवरून सोडून दिलं." तो खो खो हसला. म्हणाला, "अगं, मग परत धरून आणलं कुणी?" त्यात वाईट काही नव्हतं, आज कळतं. तेव्हा माझे कान तापले. त्याने हसत हसतच विचारलं, वाचता तरी येतं का? मी हिंदीत म्हटलं, "नहीं आता." झालं. एवढंसं खोटं, निव्वळ रागापोटी. पण ते तिथेच मुरलं.

कारण विवेक आपली सगळी गुपितं मराठीत लिहायचा. घाईच्या, वेड्यावाकड्या अक्षरात — लिपी हिंदीचीच असली तरी शालिनीला आणि तिच्या भावाला ओ की ठो कळू नये म्हणून. वही फ्रिजवर उघडी पडलेली असायची. प्रसादवर त्याचा आंधळा विश्वास होता. आणि माझ्यापासून कशाला लपवेल? मला तर मराठी वाचून कळतच नव्हतं!

दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी मी चहा टाकायला आत गेले. फ्रिज उघडण्याआधी वही उघडली.

पुढचे तीन महिने माझी एकही कुपी चुकली नाही. मरणारे वाचत होते, कुलपं वितळत होती, शालिनी मला उस्ताद म्हणायला लागली होती. कॉलेजात मला कोण विचारत होतं? त्या टेबलावर मात्र सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. ते मला फार आवडायचं — फार म्हणजे फार.

मग वारं फिरलं. विवेक माझ्याकडे नाही, प्रसादकडे बघायला लागला. मी बरोबर उत्तर दिलं की त्याचे डोळे प्रसादवर. त्याचा हिशोब सरळ होता : वही वाचू शकणारा घरात एकच, तोच हिला आतून सांगत असणार. शालिनीनेही एकदा मला कोपरखळी मारली, "प्रसादजी बड़े मेहरबान हैं तुझ पर." मी हसले. नाही म्हटलं नाही. तिथेच थांबता आलं असतं ना मला? आलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी वहीत एक ओळ दिसली. तळघराचं लोखंडी दार काळी कुपी ओतली की उघडेल. काळी कुपी म्हणजे जालीम विष, हे आम्ही पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो. आपणहून ती दारावर कुणीही ओतली नसती. पण मला खटकलं ते अक्षर. सुबक, गोल, एकही खाडाखोड नाही. विवेक असं लिहायचाच नाही. हा सापळा होता. मी वही होती तशी ठेवली आणि चहा घेऊन बाहेर आले.

आता ऐका, कारण मी हे इतकी वर्षं ज्याच्याभोवती घुटमळतेय ते हेच. मी गप्प बसू शकले असते. दार बंद राहिलं असतं, सापळा रिकामा राहिला असता. पण विवेकचा संशय मिटला नसता — आणि कधीतरी तो माझ्यापर्यंत आला असता. म्हणून आम्ही गोष्टीतल्या त्या दाराशी पोचलो, तेव्हा मी प्रसादच्या बाजूला सरकले, माझी काळी कुपी त्याच्या शिपायाला देऊन टाकली, आणि हळूच म्हटलं — मराठीत — "दारावर ओत. माझ्यावर विश्वास ठेव."

मी आपणहून त्याच्याशी मराठीत बोलले ती पहिलीच वेळ. तो इतका खूश झाला! पहिल्या दिवशीचं हसणं त्याला लागून राहिलं असावं. मी ते माफ केलं असंच त्याला वाटलं असणार. त्याने मोठ्याने सांगितलं, "मैं काली शीशी दरवाज़े पर डालता हूँ."

विवेकने फासे उचललेच नाहीत. त्याने एवढंच विचारलं, "वही वाचलीस?"

प्रसाद म्हणाला, नाही, हिने सांगितलं. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मैंने? मुझे तो मराठी पढ़नी भी नहीं आती."

विवेकने वही माझ्यापुढे धरली. वाच म्हणाला. आणि मी वाचलं — बोट ठेवून, हिंदी उच्चारात, शब्दाशब्दाला अडखळत, 'ळ' ला थांबत, एकाचाही अर्थ न कळल्यासारखं. मुद्दाम. शालिनी हसली, तिचा भाऊ हसला. शेवटी विवेकही हसला, मला बिचारीला उगाच छळलं म्हणून. प्रसाद हसला नाही. तो माझ्या बोटाकडे बघत होता.

महिन्याभरात प्रसादने तो फ्लॅट सोडला आणि शहराच्या दुसऱ्या भागात, सोडाल्याला, एक खोली घेतली. त्या शहरात विवेकखेरीज त्याचं दुसरं माणूस नव्हतं. ऑफिसातही दोघे बोलत नाहीत, असं शालिनीकडून कळायचं. रविवार चालू राहिले. मी जात राहिले. उस्ताद म्हणून.

वर्षभराने तो मला मोती डूंगरीच्या गणपती मंदिराबाहेर दिसला. हातात प्रसादाचा पुडा होता. त्यातला एक लाडू त्याने मला दिला आणि विचारलं, "कैसी हो?" हिंदीत. मला एक वाक्यही धड बोलता येत नव्हतं तेव्हासुद्धा जो माझ्याशी हट्टाने मराठीतच बोलायचा, तो. दहा मिनिटं उभे होतो, त्याने एक शब्द मराठीत काढला नाही. मला येत नाही असं त्याने मानलं होतं, की येतं हे कळलं होतं? मी तर्क करत बसते. अजूनही.

त्या दहा मिनिटांत मला सांगता आलं असतं. मी लाडू खाल्ला, "ठीक हूँ" म्हटलं आणि रिक्षा थांबवली.

वही मी वाचली होती. प्रसादने ती कधीच उघडली नव्हती.