जळकोट ते कंधार: मधला अनवाणी टप्पा

नांदेडच्या बसस्थानकावर मला सोडायला आलेल्या आमच्या ह्यांनी माझी पाठपिशवी शेवटपर्यंत हातातून सोडली नाही. बस हलायला लागली तेव्हा खिडकीतून आत ढकलली आणि म्हणाले, "नाही जमलं तर सरळ जीपमध्ये बसायचं. लाजायचं नाही, हं." मी नुसती मान हलवली. दोन वर्षांपूर्वी माझं फुफ्फुसाचं दुखणं झालं, तेव्हापासून घरात मी काचेची बरणी झाले आहे. पाण्याची कळशी उचलली की कोणीतरी येऊन काढून घेतं. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत फायलींचा गठ्ठा उचलला की शिपाई धावतो. माया आहे, कळतं मला. पण रोज उठून कोणी तुम्हाला "तू बस" म्हणत राहिलं, तर एक दिवस माणूस खरंच बसतं.

म्हणून दर हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून चालायची जळकोट ते कंधार ही डोंगरवाट मला चालायचीच होती. बालाघाटाच्या रांगांतून तांबडं फुटताना निघायचं आणि दिवस मावळायच्या आत कंधार गाठायचं, एवढाच नियम. चालायचं जोडीनं, जोडीतलं एक जीपमध्ये बसलं की दुसऱ्यानंही बसायचं. गेल्या वर्षी शेवटचा चढ समोर दिसत असताना मला धाप लागली आणि आयोजकांच्या जीपमध्ये बसावं लागलं. माझ्यापायी माझी नणंद सुनंदाही बसली. ती उमरीकडची, दिवसभर शेतात राबणारी. तो चढ तिला अंगणासारखा. ती एका शब्दानं बोलली नाही, हेच मला जास्त लागलं. या वर्षी रांगत का होईना, पण स्वतःच्या पायांनी कंधार, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

जळकोटला आमचा मुक्काम एका मंगल कार्यालयात होता. पहाटे सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देऊन केलेला आमच्याकडचा नाश्ता) आणि चहा मिळाला. थंडी अशी की बशी धरायला हात बाहेर काढवेना. सुनंदानं माझ्या नव्या कोऱ्या बुटांकडं पाहिलं.

"वहिनी, जुने आणले न्हाईत?"

"दुकानदार म्हणाला, डोंगरासाठी हेच चांगले."

"त्याला कुठं चालायचंय!" ती म्हणाली. आणि झालंही तसंच. पहिल्या दोन टेकड्यांतच टाचेला फोड आला.

गाव मागं पडलं तशी वाट माळावर चढली. खाली काळ्या रानात तूर पिवळी पडत होती, ज्वारीवर दव होतं. वर मात्र नुसता मुरूम, सीताफळीची झुडपं आणि बोरी. एका वावरात बाया कापूस वेचत होत्या. त्यातली एक कंबरेवर हात ठेवून ओरडली, "कुठं चाललाव गं? एसटी चुकली का?"

"कंधारला! चालतच जायचंय!" सुनंदानं सांगितलं.

"काय देतेत मग?"

"काहीच न्हाई."

"देव हाय का तिकडं नवसाचा?"

"न्हाई."

"देव न्हाई, पैका न्हाई, मग पाय कशाला झिजवायलाव, माय!" सगळ्या खळखळून हसल्या. पण तिनंच ओटीतून मूठभर बोरं काढून आमच्या हातावर घातली. मुखेड तालुका लागेपर्यंत आम्ही ती पुरवून खाल्ली. तालुका बदलला, जिल्हाही बदलला. पाटी कुठं दिसली नाही. तिकडच्या माळावरचा मुरूम इकडंही तसाच.

दुपारी एका ओढ्याकाठी आम्ही भाकरी सोडली. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. पुढचा लांबलचक चढ मी न थांबता चढले, आणि माथ्यावर उभी राहून श्वास मोजला. दम होता! छातीत ती ओळखीची शिट्टी वाजली नाही. सुनंदानं सूर्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, दिवस हाताशी ठेवून पोचतो आपण." मला इतका आनंद झाला की टाचेचा फोड विसरून मी उतारावर चक्क पळाले.

उताराच्या पायथ्याशी एक वस्ती होती. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बहुतेक घरांना कुलपं, दारांना काट्याच्या फांद्या लावलेल्या. आमच्या भागात हिवाळ्यात अशी दारं दिसली की समजायचं, माणसं उसाला गेली. तोडणीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात त्या उन्हाळ्यातच परततात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. एकाच अंगणात चार माणसं दिसली, आणि मध्ये तिरडी.

एक म्हातारे गृहस्थ पुढं आले. मयत बाईंचे ते दीर. सगळे त्यांना आबा म्हणत होते.

"रामराम, बाई."

"जय भीम," सुनंदा सवयीनं बोलून गेली.

आबा क्षणभर थांबले. आमच्या दोघींकडं पाहिलं, मग मावळतीकडं पाहिलं. मी मनात तयारी केली. अशा थांबण्याची आम्हाला ओळख आहे. पुढं "बरं, या मग" येतं, आणि आपण आपल्या वाटेला लागायचं.

"सकाळधरनं वहिनी अंगणात हाय," आबा म्हणाले. "तिचा लेक बेळगावकडं उसाला. भावकी समदी त्याच टोळीत. खालच्या गावात निरोप धाडला, पर तिथंबी आमच्यासारखीच म्हातारी. लेकाला यायला उद्याची सकाळ होईल. त्यानंच सांगितलं फोनवर, माझी वाट बघू नका म्हणून. दिवस मावळायच्या आत न्यावं लागंल. चार खांदे पायजेत. आमी दोघंच हाव." दुसरे आजोबा एका पायानं अधू होते.

"आमच्या आधी चालणारी पोरं गेली नाहीत का इथून?" मी विचारलं.

"गेली की. पळतच गेली. हाक मारायला तोंड उघडलं, तवर पार वळणावर."

सुनंदा माझ्याकडं बघत राहिली. खरं सांगते, माझ्या मनात आधी ती मेलेली बाई आली नाही, आधी कंधार आलं. इतकी चरफडले मी! वर्षभर पहाटे उठून चालले, गोळ्या खाल्ल्या, आणि शेवटचा टप्पा राहिला असताना हे. तेवढ्यात विस्तवाचं मडकं धरून मयत बाईंची सून मुक्ता ओसरीतून बाहेर आली. सासूच्या दुखण्यापायी ती एकटीच उसाला गेली नव्हती. तिनं नुसतं आमच्या खांद्यांकडं पाहिलं.

"कुठली बाजू धरू, आबा?" मी विचारलं.

"पायातले बूट काढा," आबा म्हणाले.

एवढंच. तिरडी अनवाणी न्यायची असते. आम्ही बूट काढून ओसरीला ठेवले. पुढं दोघं म्हातारे, मागं आम्ही दोघी, आणि सगळ्यांच्या पुढं मडकं घेतलेली मुक्ता. आमच्या समाजातही बाया स्मशानात गेलेल्या मी पाहिल्या आहेत, पण माझ्या खांद्यावर बांबू पहिल्यांदाच आला. मसणवट एका टेकाडापलीकडं, ओढ्याच्या काठाला होतं. फोड आलेल्या टाचेत मुरूम रुतत होता. चढ लागला आणि पुढच्या म्हाताऱ्यांचा पाय अडखळला, तसा सगळा भार मागं, आमच्यावर आला. छातीत शिट्टी वाजायला लागली.

"वहिनी..." सुनंदा पलीकडून हळूच म्हणाली.

"चल तू," मी म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्या अंगावरचं ओझं काढून घ्यायला कोणी धावलं नाही. धावायला कोणी नव्हतंच.

निम्म्या चढावर विसाव्याची जागा आली. आम्ही तिरडी टेकवली. माझा श्वास साऱ्या माळाला ऐकू जात असेल. आबा वळून म्हणाले, "दम खा, बाई. आमची वहिनी काय आता पळून जात न्हाई." आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा उठवलं नसतं. उभ्या उभ्या श्वास गोळा केला आणि म्हणाले, "उचला."

अग्नी मुक्तानं दिला. सूर्य अजून बोटभर वर होता.

ओढ्यावर हातपाय धुतले, कडुनिंबाचं पान चावलं. आम्ही बूट घ्यायला वस्तीवर आलो, तर अधू पायाच्या आजोबांच्या घरून पिठलं-भाकरी आलेली. "कडू घास खाल्ल्याबिगर जाऊ न्हाई," मुक्ता म्हणाली, आणि तिनं आम्हाला आपल्याशेजारीच, एका ओळीत बसवलं. मी तिच्याकडं बघत जेवले. दोन घासांत ती तीनदा रडली. निघताना माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "येते हं." मयताच्या घरून निघताना असं कधी म्हणत नाहीत! मी जीभ चावली. सुनंदानं माझं मनगट दाबलं. मुक्ता पुढं आली.

"येजो, अक्का," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या लग्नाला येजो."

माळावर आलो तेव्हा दिवस बुडाला होता. थोडं पुढं गेलो तर मागून जीप आली. चालवणारा तरुण उतरला, अदबीनं म्हणाला, "काकू, थोडक्यात हुकलं बघा. बसा." मी बसले. मला वाईट वाटलं, भलतंच वाईट. चांगलं काम केलं की मन भरून येतं म्हणतात. माझं तर कंधारचे दिवे दिसले तसं रडू आलं. सुनंदानं माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी नांदेडला घरी आले. ह्यांनी विचारलं, "पोचलीस का?" मी म्हणाले, "नाही." ते चहा टाकायला उठले. माझा उजवा खांदा सुजला होता, वेणी घालायला हात वर जाईना.

सुनंदानं मुक्ताला माझा फोन नंबर दिला होता. राख सावडून झाल्यावर तिच्या नवऱ्याचा फोन आला. सकाळची वेळ, मी कचेरीत निघाले होते.

"अक्का, मी मुक्ताचा मालक बोलतोय. उसाहून आलो." आवाज बसलेला होता. त्यानं आभार मानायचा प्रयत्न केला, ते त्याला साधलं नाही. मग तो म्हणाला, "एक विचारू का? माझी माय... जड लागली का वो?"

"नाही रे बाबा," असंच म्हणायची रीत आहे. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. पण त्या पोराला खांदा देता आला नव्हता, त्याला खोटं कसं सांगू?

"जड होती," मी म्हणाले. "पण झेपली मला."

तो हुंदके द्यायला लागला, आणि पिशवी खाली ठेवून मीही दारातच रडले.