बोलतं घड्याळ

चाळिशी उलटली तरी तिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणत. मोबाईलचे पडदे आखणं हे तिचं काम. कुठलं बटण कुठे बसवायचं, बोट कुठे टेकलं की काय व्हायचं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना फोनमधल्या बाईने काय वाचून दाखवायचं, हे सगळं ती ठरवायची. ऑफिसात तिच्या शब्दाला वजन होतं. असणारच. ती हे शिकली होती सख्ख्या भावासाठी.

दादा हॉस्पिटलच्या टेलिफोनवर पंचवीस वर्षं ऑपरेटर. मधुमेहाने आधी त्याचे डोळे नेले, मग किडन्या. आता आठवड्यातून तीनदा त्याच हॉस्पिटलात डायलिसिस. दर पाळीची जागा पूर्वी फोनवर मिळायची. या रविवारपासून फोन बंद, फक्त अ‍ॅप. ते अ‍ॅप धाकटीनेच आखलेलं. सकाळी आठला जागा खुल्या होणार, आणि ज्याला मिळाली नाही त्याने कोणी रद्द करायची वाट बघायची. मागे एकदा अशीच दादाची एक पाळी चुकली होती, तर छातीत पाणी भरलं आणि चार दिवस तो नळ्या लावून पडला होता.

रविवारी आठला पाच मिनिटं असताना दादा जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसला. वहिनी ओट्याला पाठ टेकून उभी. धाकटी समोर.

"एक शब्द बोलायचा नाही," दादा म्हणाला. "फोनला हातही लावायचा नाही. घरात मी एकटा असतो तर जमलं असतं का, ते बघायचंय मला."

"जमेल रे. तुझ्यासाठीच तर केलंय," धाकटी म्हणाली. फुशारकी म्हणा हवी तर, पण मनापासूनची होती.

आठ वाजले. दादाने वेळ निवडली. पुढचा पडदा आला: निवडलेली वेळ, खाली 'नक्की' आणि 'रद्द' अशी दोन बटणं, आणि नव्वद सेकंदांचं घड्याळ. तेवढ्यात नक्की केलं नाही तर जागा सुटते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये न सांगताच वेळ संपते म्हणून दादा एकदा वैतागला होता, म्हणून धाकटीने ऑफिसातल्या साहेबांशी भांडून हे घड्याळ बोलतं केलं होतं.

"मंगळवार सका... एकोणनव्वद. मंग... अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी."

दादाने बोट सरकवलं. "नक... शहाऐंशी." पुन्हा सरकवलं. "र... पंच्याऐंशी."

दर सेकंदाला आकडा मध्ये तोंड घालत होता. फोनमधली बाई एकही वाक्य पुरं करेना. ऑफिसात धाकटीने हे दहादा तपासलं होतं की! कानाने आकडे ऐकले होते, पण डोळ्यांनी बटणं वाचून घेतली होती. डोळे उघडे ठेवून आंधळ्याचा पडदा तपासला होता तिने. शहाणी मोठी!

"वेळ संपली," बाई मात्र आता स्वच्छ बोलली.

दादाने पुन्हा सुरुवात केली. धाकटीने गॅलरीत धाव घेऊन साहेबांना फोन लावला.

"घड्याळाचा आवाज बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"अहो, तुमचाच तर हट्ट होता! आठवडाभर डोकं खाल्लंत माझं."

"माझाच होता. चुकलं माझं. आधी बंद करा हो!"

"पंधरा मिनिटं तरी लागतील."

ती आत आली तेव्हा दादाने अंदाजाने एक बटण दाबलेलं होतं. ते नेमकं रद्दचं निघालं. मंगळवार गेला होता. बुधवारच्या दोनच जागा उरल्या होत्या.

"अहो, हट्ट पुरे," वहिनी टेबलाशी आली. "परत त्या नळ्या नाही बघवायच्या मला."

दादाने कपाळाचा घाम पुसला आणि फोन टेबलावरून पुढे ढकलला. "घे."

धाकटीला चार सेकंद लागले. नव्वदातले चार. "झाली," ती म्हणाली आणि वहिनी मटकन खुर्चीत बसली. धाकटीला दादाकडे बघायची शरम वाटली. त्याला ते दिसणार नव्हतं, तरी वाटली.

"माझ्या घरी तू आहेस," दादा म्हणाला. "मास्तरांकडे कोण आहे?"

मास्तर म्हणजे डायलिसिसला शेजारच्या खाटेवर असणारे निवृत्त शिक्षक. तेही आंधळे, आणि घरात एकटे.

दादाने त्यांच्या घरच्या फोनचा नंबर घडाघडा सांगितला. ऑपरेटरच तो. मास्तरांनी उचलला तेव्हा त्यांच्यामागे ती बाई ऐकू आली. "एकोणीस. अठरा."

"कोण? नंतर बोलतो हो," मास्तर रडकुंडीला आले होते. "तिसरी खेप आहे. ही बया नुसते आकडे मोजतेय, मला काही सांगतच नाही!"

धाकटीने डोळे घट्ट मिटले. "मास्तर, पडदा अगदी खाली, उजवा कोपरा. बोट टेकवा."

"अकरा. दहा."

"टेकवलं."

"आता दोनदा टकटक. पटकन!"

"आठ. सा..." मग क्षणभर काहीच नाही. "जागा नक्की झाली."

मास्तर काहीतरी बोलत राहिले. धाकटीने डोळे पुसले आणि सुटलो एकदाचे म्हणून फोन ठेवला. घड्याळात आठ वाजून नऊ मिनिटं झाली होती.

"दुरुस्तीला अजून किती?" दादाने विचारलं.

"सात-आठ मिनिटं."

"मग बसलीस काय? आमच्या वॉर्डात न दिसणारे अजून सहा जण आहेत. घे, लिही," म्हणत दादा पाठ असलेले नंबर सांगू लागला, आणि धाकटीला हाताशी पडलेलं पेन सापडेना.