मागांच्या आवाजात सांगितलेलं

सगळ्यात आधी अण्णांचं सांगतो. मला काय झालं होतं ते मागाहून, कारण ते सांगायला बसलं की अजूनही माझी तारांबळ उडते आणि सांगायचा माणूस बाजूलाच राहतो. सोलापुरात भवानी पेठेतल्या ज्या कारखान्यात मी चादरी विणतो, तिथं माझ्या शेजारच्या दोन मागांवर अण्णा होते. नात्यातले नव्हेत, गावचे नव्हेत, भाषेचेसुद्धा नव्हेत. त्यांच्या घरात तेलुगू, मी पार भंडाऱ्याकडचा. वय पंचावन्नच्या पुढं, मिशा पांढऱ्या, भुवयांवर कायम कापसाचं तूस बसलेलं. कानांनी जवळजवळ बहिरे. आज माझी बायको माझ्याजवळ राहते आणि माझ्या खोलीला माझं कुलूप लागतं, ते ह्या माणसामुळं. त्यांनी काय केलं हे सोलापुरात चौघांना ठाऊक आहे आणि चौघंही गप्प आहेत. त्या चौघांत मी आलोच.

मी पाचवीतून शाळा सोडली. घरी हातमाग होता, तो बंद पडला, आणि गावातला एकजण सोलापूरला जातो म्हणाला तेव्हा त्याच्या मागं निघालो. तो महिनाभरात परत गेला. मला परत जाता येत नव्हतं. लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण बायको तिच्या माहेरीच होती. सासऱ्यांनी तोंडावर सांगितलं होतं, “पक्का माग लागू दे, खोली घे, मंग पाठवतो पोरीले.” पक्का माग म्हणजे आपल्या नावचा. माझे बदलीचे होते. ज्याचे माग, तो विणकर आजारी होऊन गावी पडला होता. तो उठून आला की मी बाहेर. मालक म्हणाले होते, दिवाळीपर्यंत तुझं काम बघतो, मग ठरवू. म्हणजे दिवाळीपर्यंत माझ्यात काही खोट दिसता कामा नये, एवढंच मला कळत होतं.

आणि नेमकी खोट निघाली. उन्हाळ्यातल्या एका दुपारी मागापुढं उभा असताना छातीत धडधडायला लागलं. हात गार, पाय गार, घशात कुणी बोळा कोंबावा तसं. आता आपण मेलो, हे इतकं पक्कं वाटलं की मी मरायचीच वाट बघत उभा राहिलो. थोड्या वेळानं उतरलं. दोन दिवसांनी पुन्हा. मग रोजचंच झालं. पेठेतल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, काही नाही म्हणाले, दूध पीत जा म्हणाले. काही नाही म्हटल्यावर मी जास्तच घाबरलो. काही असतं तर त्याला औषध तरी असतं.

आमच्या कारखान्यात सोळा माग. सगळे एकदम चालतात तेव्हा शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून ते आलं की मी मोठ्यानं बोलायचो. आई, मी मरून राह्यलो, घरी कोणी सांगन का नाई, बायकोले काय वाटन, असं जे तोंडाला येईल ते. आवाजात सगळं बुडून जायचं. बोललं की जरा सुटल्यासारखं व्हायचं. कोण ऐकतंय, असं वाटायचं.

एक दिवस असाच बडबडत होतो, तर अण्णा आपला माग सोडून माझ्या समोर येऊन उभे राहिले. दोघांच्या मध्ये माग चालू. त्यांनी ओठ सावकाश हलवले, लहान पोराला घास भरवताना आपण हलवतो तसे.

“मरत न्हाईस, बिड्डा. कांडी संपली बघ, बदल.”

बिड्डा म्हणजे तेलुगूत लेकरू. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात घालायची सुताची गुंडाळी, ती संपली की माग नुसता पोकळ चालतो. मी खाली पाहिलं, खरंच संपली होती. बदलली. हात चालला, आणि त्या दिवशी ते लवकर उतरलं.

विणकर ओठ वाचतात हे मला माहीतच नव्हतं. घरच्या हातमागावर त्याची गरज पडत नाही. इथं सगळी पिढीच्या पिढी गोंगाटात वाढलेली. दहा हातांवरचं बोलणं त्यांना दिसतं, आणि दोन महिने मी त्यांच्यासमोर गळा काढत होतो. हे मला अण्णांनी सांगितलं नाही, मिस्त्रीनं सांगितलं. मिस्त्री म्हणजे माग दुरुस्त करणारा, जवळच्याच मोहल्ल्यातला. माझ्या तोंडात ‘का’च्या जागी सारखं ‘काऊन’ यायचं, म्हणून त्यानं माझं नावच काऊन पाडलं होतं. एकदा चहाच्या वेळेला जवळ येऊन त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, “काय रे काऊन, आज कितने बजे मरनेका है? बोल, उसके बाद तेरे मागका पट्टा बदलता मैं.”

सगळे हसले. मला वाटलं, आता संपलं. उद्या मालकांच्या कानावर, परवा बिऱ्हाड गाठोड्यात. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर कुणी काही म्हटलं नाही. दुपारी मिस्त्री माझ्या मागाखाली बसून नट आवळत होता. वर बघून त्यानं ओठ हलवले. मला तेव्हा नीट वाचता येत नव्हतं, अण्णांनी मध्ये उभं राहून पुन्हा सांगितलं. मिस्त्रीचं म्हणणं असं, की तो घरून निघाला की चूल विझली का नाही म्हणून परत जाऊन बघतो. तीन-तीनदा. लहानपणी त्यांचं घर जळालं होतं. बायको हसते, आई दर्ग्यावर नेऊन फुंकर घालून आणते, पण पाय आपोआप मागं वळतात. एवढं सांगून तो पुन्हा नट आवळायला लागला.

तिथून हे सुरू झालं. कोपऱ्यात कांड्या भरायला एक मावशी बसायच्या, मंद्रूपकडच्या. त्यांचं पोरगं विहिरीत जाऊन सात वर्षं झाली होती. त्यांनी सांगितलं, की घरी असलं की त्याची हाक ऐकू येते. भाकरी थापताना येते, अंघोळ करताना येते. हितं येत न्हाय, म्हणाल्या, एवढ्या आवाजात त्याला तरी कसं ओरडता यावं. म्हणून त्या सुट्टीच्या दिवशीही येऊन कारखान्याच्या पायरीवर बसायच्या, पण त्या दिवशी माग बंद असत. अण्णांची थोरली मुलगी बाळंतपणात गेली तेव्हा ते सहा महिने मागावर नुसते बसून होते, वीतभर कापड उतरलं नाही. बायको लोकांना सांगायची, कंबर धरलीय. कंबर, म्हणून अण्णा छातीवर हात ठेवून हसायचे.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. हे सगळं माग चालू असतानाच. लाईट गेली की कारखाना एकदम गप्प व्हायचा, कानात नुसती शीळ वाजत राहायची, आणि आम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसायचो. तिथं ह्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही. मावशी शेंगा सोलायच्या, मिस्त्री सिनेमाचं सांगायचा, माझ्या बोलण्याची नक्कल करायचा. लाईट आली, माग सुरू झाले, की पुन्हा तोंडं उघडायची. शांततेत आपलं दुखणं सांगायची आम्हा कुणाचीच छाती नव्हती.

मी बरा झालो असं म्हणणार नाही. पण ते आलं की समोर कुणीतरी बघत असायचं, आणि बघणाऱ्याला त्याचं नवल नसायचं. एवढं मला घरच्यांकडूनही मिळालं नव्हतं. दिवाळी आता जवळ आली होती. मी बायकोला पत्र घातलं की तयारीत राहा.

चूक कुणाची म्हणावी. दिवाळीला तीनेक आठवडे असतील. एक दिवस वरच्या फिरत्या दांड्यावरून मागाचा पट्टा उतरतो तिथं उभा असताना माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मिस्त्रीनं खांदा धरला म्हणून पडलो नाही. मावशींनी ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कोपऱ्यातून, मायेनंच, ओठ मोठे मोठे करून विचारलं, काल पट्ट्यापाशी परत चक्कर आली व्हय? त्याच वेळी मालक दारात उभे होते. मालक गादीवर बसून मोठे झालेले नव्हते, वडिलांच्या हाताखाली दहा वर्षं त्यांनी ह्याच मागांवर काढली होती. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते डोळ्यांसमोर धोतर नेसून, पेन लावून फिरायचे, म्हणून विसरलो होतो.

त्यांनी मावशींचे ओठ वाचले. मावशी आमच्या ओळीकडं बघून बोलत होत्या, पण कुणाला ते त्यांना कळलं नाही. ते भिंतीपाशी गेले आणि मुख्य बटण खाली ओढलं. सोळाच्या सोळा माग थांबले.

“चक्कर कुणाला येते?” मालकांनी विचारलं.

ते रागावलेले नव्हते. चेहरा उतरला होता. त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत एकाची बाही पट्ट्यात गेली होती, हात गेला, मग माणूसही गेला. मालक म्हणाले, उद्या माझ्याकडं असं झालं तर त्याच्या घरी मी कुठलं तोंड घेऊन जाऊ. जो असेल त्यानं सांगा, मी शिव्या देणार नाही, पण त्याला मागावर ठेवणार नाही.

कानात शीळ वाजत होती. मी तोंड उघडलं होतं, हे मला शपथेवर आठवतं. डोळ्यांपुढं सासऱ्यांचं तोंड आलं आणि बायकोची ट्रंक आली. त्यात किती वेळ गेला सांगता येत नाही. अण्णांनी धोतराला हात पुसले.

“मला येती, मालक.”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासनं.”

माझीच तारीख दिली त्यांनी. मावशींनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मिस्त्री एक आधीच आवळलेला नट पुन्हा आवळायला लागला. मालक म्हणाले, अण्णा, तुम्ही माझ्या वडिलांच्या वेळचे, तुमचा हिशोब मी घरी पोचवतो, आता आराम करा. अण्णांनी खुंटीवरची पिशवी घेतली. जाताना माझ्या मागापाशी थांबले, मालकांकडं पाठ करून. आवाज न करता दोनच शब्द बोलले. बायकोला आण.

दिवाळीनंतर मला पक्के माग मिळाले. अण्णांचेच दोन. बायको आली, ट्रंक आली, खोलीला कुलूप आलं. सासऱ्यांनी पत्रातून आशीर्वाद पाठवला. कारखान्यात मात्र कुणाचेही ओठ हलेनात. मिस्त्री मला काऊन म्हणायचा बंद झाला, भाऊ म्हणायला लागला. ते भाऊ मला फार लागलं. मावशी भिंतीकडं तोंड करून बसू लागल्या आणि पुढच्या पावसाळ्यात यायच्या थांबल्या. घरी त्यांना हाक किती वेळा ऐकू येत असेल, हा विचार मी करत नाही. माझं दुखणं दुपटीनं आलं. आता ते आलं की मी दातांनी ओठ धरून ठेवतो, कुणाला दिसू नये म्हणून. बायकोला सांगायला दोनदा बसलो. खोलीत इतकं शांत असतं की मला माझाच श्वास ऐकू येतो, आणि मग भाजीचं काहीतरी विचारून मी उठतो.

अण्णांकडं गेलो. पहिल्या वेळी गेलो तेव्हा म्हणालो, उद्या मालकांना खरं सांगतो. ते म्हणाले, सांगून काय, दोघांनी घरी बसायचं? ते एका खोलीत भिंतीला टेकून बसलेले असतात. सून ताट ठेवते आणि पाठमोरी होऊन बोलते, नातवंडं पळता पळता बोलतात. कुणाचं वाईट नाही त्यात, घरातली माणसं अशीच बोलतात. पण कान नसलेल्या माणसाला पाठ वाचता येत नाही.

“हितं कुणी माझ्याकडं बघून बोलत न्हाई रे,” ते एकदा म्हणाले. “कारखान्यात मला सगळं ऐकू यायचं.”

त्या दिवशी मी दिवेलागणीपर्यंत त्यांच्यासमोर बसून ओठ हलवत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. ते मान हलवत होते, पण डोळे माझ्या ओठांवरून निसटत होते. आधी दर सुट्टीला जायचो. मग महिन्यातून एकदा. आता त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जातो आणि मला धडधडायला लागतं, तसाच परत फिरतो. शेवटच्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखायला वेळ लावला.

चार वर्षं झाली. हे कुणाला तरी सांगावं म्हणून लिहिलं, माझ्या अक्षराची आणि शुद्धलेखनाची माफी असावी. सांगितल्यानं माणसं जवळ येतात हे मी पाहिलं आहे, आणि एकदा न सांगितल्यानं ती कशी उठून जातात तेही. अण्णा, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेवतो. एक दिवस मी स्वतः ते बटण खाली ओढीन आणि सगळ्यांच्या देखत मालकांना सांगीन की ती चक्कर माझी होती. ह्या वर्षी नाही जमणार, बायकोला पाचवा महिना लागला आहे. पण सांगीन. आणि मग तुमच्या घरी येऊन, तुमच्याकडं तोंड करून, तुम्ही नको म्हणेपर्यंत बसून राहीन.