पंपाचे सहा तास

आमच्या पिंपळीच्या घरामागं पोहायचा हौद होता, असं सांगितलं की लोकांना वाटतं आम्ही बडे लोक असू. तो बारा फूट लांब, आठ फूट रुंद, छातीएवढा खोल होता आणि त्यात पोहणारं कुणी नव्हतं. माझ्या नवऱ्याला उभं राहता यावं म्हणून तो बांधला होता.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. ते बारामतीच्या एमआयडीसीत फिटर होते. एका संध्याकाळी भिगवणहून येताना मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांची मोटारसायकल आदळली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, पाण्यात वजन जाणवत नाही, तिथं व्यायाम करा, पायांत थोडी जान असेल तर ती वाढेल. कारखान्यातल्या मित्रांनी रविवारमागून रविवार घालवून हौद बांधला. वर लोखंडी चौकट, तिला चेन-पुली, पुलीला कापडी झोळी. साखळी ओढली की म्हाताऱ्या माणसालाही त्यांना अलगद पाण्यात सोडता यायचं.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या सुप्याकडच्या. लहानपणी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभं राहायचं, कुणाच्या मनात आलं तर वरून पाणी ओतणार, अशा दिवसांतून त्या आल्या होत्या. भरलेला हौद त्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिला.

"एका मानसाला एवढं पानी?" शेवटी त्या म्हणाल्या.

"आई, हे रोज बदलायचं नाही," त्यांनी समजावलं. "पंप हेच पाणी ओढतो, वाळूतून गाळतो, परत सोडतो. पंप चालला तर पाणी टिकतं. नाही चालला तर आठ दिवसांत हिरवं पडणार आणि सगळं ओतून द्यावं लागणार."

"मग किती येळ चालवायचा?"

"हौदात बारा हजार लिटर आहे. पंप तासाला दोन हजार फिरवतो. सहा तासांत सगळं पाणी एकदा गाळून होतं. उन्हाळ्यात आठ तास."

त्या दिवसापासून पंप आत्यांनी ताब्यात घेतला. घड्याळ त्यांना कळत नव्हतं, शेजारच्या शाळेच्या घंटेवर त्यांचा हिशेब. लाइट गेली की राहिलेला वेळ लक्षात ठेवायच्या आणि लाइट आली की भरून काढायच्या. पाणी ओतून द्यावं लागू नये, एवढाच त्यांचा ध्यास.

मी इंदापूरकडं शाळेत शिकवत होते. सकाळच्या एसटीनं जायचे, दिवेलागणीला यायचे. आल्या आल्या विचारायचे, "आज किती पावलं?"

"तीन." कधी "पाच."

एका रविवारी मी स्वतः पाहिलं. कडेचा पाइप धरून ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले. पाणी छातीपर्यंत होतं, चेहरा लाल झाला होता. मी रडले, तर ते हसले.

थंडी आली तशी ते म्हणाले, "आता शेवाळ कमी धरतं, चार तास पुरेत." मग मोटार तापते म्हणून दोन. ऊन लागू नये म्हणून हौदावर ताडपत्री घातली. रविवारी अंगाला विश्रांती हवी, असं ठरलं. मला सगळं पटलं. संध्याकाळी दोरीवर त्यांचा टॉवेल ओला असायचा, पावलांचा आकडा तयार असायचा. ताडपत्री उचलून पाहावंसं मला एकदाही वाटलं नाही.

एप्रिलमध्ये पेपर संपले आणि मी भर दुपारी घरी आले. पंप बंद होता. मागच्या नळाखाली आत्या कोरडा टॉवेल भिजवत होत्या. पिळून दोरीवर टाकायला वळल्या, तर समोर मी.

मी ताडपत्री उचलली. पाणी हिरवंगार झालं होतं.

"कवापासनं?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली आली.

"थंडीपासनं उतरला न्हाय त्यो. पंपबी त्यानंच बंद करायला लावला," आत्या म्हणाल्या. "म्हनला, तिला सांगू नगं. दिसभर उभी ऱ्हाती, घरी येऊन चार घास तरी नीट खाईल."

ते आत खाटेवर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पाण्यात मी चालतो," ते म्हणाले. "मग आई साखळी ओढते. पाणी छातीवरून उतरतं, कमरेवरून उतरतं आणि पाय परत जातात. रोज नव्यानं जातात. मला ते सोसेना."

"मला सांगायचं होतं."

"तू रोज किती पावलं विचारायचीस. शून्य कसं सांगू?"

मला राग आला, पण तो कुणावर ते कळेना. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ब्रशनं भिंती घासल्या, औषध टाकलं, पंप आठ तास चालवला. तिसऱ्या दिवशी पाणी जरा निवळलं. खिडकीतून पाहत ते हळूच म्हणाले, "कुणासाठी करतीयेस?"

मी जाऊन बटण बंद केलं.

महिन्याभरानं आत्यांनीच हौद रिकामा करायचं काढलं. गटारात सोडायला त्या तयार नव्हत्या. शेजाऱ्यांच्या शेतातल्या कडवळाच्या चाऱ्याला पाइप लावला. पाणी संपेपर्यंत त्या कठड्यावर बसून होत्या, जेवायलाही उठल्या नाहीत. तळ दिसल्यावर पदरानं डोळे पुसून आत आल्या आणि मुलाच्या पायांवरून हात फिरवत राहिल्या.

ते त्यानंतर सात वर्षं जगले. खाटेवर बसून पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचे. शेतकरी दुरून यायचे, घरात माणसांची ये-जा असायची, हसणंही असायचं. पण संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना काय विचारावं, हे मला कधीच नीट सुचलं नाही. मी शाळेतल्या गोष्टी सांगायचे. ते ऐकून घ्यायचे.