अख्खे वळणारे मास्टर

मागून हाक आली तर तुम्ही-आम्ही मान वळवतो. मास्टर अख्खे वळायचे. पाय होते तिथेच, गुडघे किंचित आत, आणि टाचांवर कंबर-खांदे एकदम फिरवून हाक मारणाऱ्यासमोर हजर. मग तो रिक्षावाला असो की केळीवाला. चेन्नईत अड्यारच्या बाजारात बिचारे दचकायचे.

ते विंग चुन शिकवत. ही हाणामारीची चिनी विद्या त्यांना जॉर्ज टाउनमध्ये मिळाली, लहानपणी शेजारी राहणाऱ्या एका चिनी दंतवैद्याकडून. पुढे जन्मभर पाइपांच्या दुकानात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर घराच्या गच्चीवर वर्ग काढला. वर्गात आम्ही दोघंच, मी आणि माझा रूम पार्टनर. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्याहून आलेलो. मास्टर तंजावरकडचे मराठी, 'बाबा'च्या जागी तमिळ 'पा' लावून बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पुण्यात म्हणे बसचा कंडक्टरदेखील मराठी बोलतो?" आवाजात एवढं कौतुक होतं, की पुण्याच्या कंडक्टरविषयी मला आयुष्यात प्रथमच बरं वाटलं.

शिकवायचे एकच, वळणं. डावीकडे वळा, उजवीकडे वळा. आमचं चुकलं की ओरडायचे, "काल सोड पा! कंबर फिरव!"

पार्टनरचं ठरलेलं लग्न तेव्हा नुकतंच मोडलं होतं. 'काल सोड' ऐकून त्याचे डोळे भरून यायचे. इतकं खोल त्याला घरच्यांनीही समजावलं नव्हतं म्हणे. गडी खरंच सावरला, दाढीबिढी करू लागला. मग एकदा बसमध्ये त्याने एका मामींच्या पायावर पाय दिला. "अय्यो, काल! काल!" त्या किंचाळल्या, तेव्हा डोक्यात उजेड पडला. तमिळमध्ये काल म्हणजे पाय.

मास्टरांना सांगितलं तर ते हसून हसून पाण्याच्या टाकीला टेकले. "मी कशास कालचे सांगू? तू पायाने वळतोस, कंबरेने वळ म्हणतो!" पण पार्टनरने आपला अर्थ काही सोडला नाही. पुढच्या वर्षी लग्न करून मोकळा झाला आणि वर्गाला मी एकटा उरलो.

"मास्टर, ठोसा कधी?" मी विचारायचो.

"अगोदर वळणे नीट होऊ दे." मग कॉफी यायची आणि गप्पा सुरू. त्यांच्या आईच्या हातची आंबट भाजी, दंतवैद्याचा पोपट, काय वाटेल ते. वर्ग लहान आणि गप्पा मोठ्या.

एका रविवारी माझा संयम संपला. "मास्टर, आता माझं वळणं नीट आहे."

"आहे," ते म्हणाले. "गेल्या दिवाळीपासून आहे. ठोसा शिकलास की जाशील. मग मी कोणाशी बोलू? आई गेली तेव्हापासून घरात सर्व तमिळ. स्वप्नातील माणसेदेखील तमिळ बोलू लागली."

मला फार वाईट वाटलं. गुडघे आत घेतले आणि वळू लागलो.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या आधी त्यांनी ठोसा शिकवला, तोही घाईघाईने, जरा रागावूनच.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मुलीचा फोन आला. इंग्रजीत म्हणाली, "अप्पा सकाळपासून काहीतरी मागतायत. आमच्याशी तमिळ बोलतच नाहीत. हे मराठी आहे का, ऐकता?" तिने फोन त्यांच्या कानाला लावला.

"मास्टर, मी बोलतोय."

"आलास? खिडकी लाव पा. डोळ्यावर ऊन येते. केव्हाचा सांगतो आहे, कोणास कळेना."

मी ओरडून मुलीला सांगितलं. खिडकी बंद झाल्याचा आवाज इकडे मला ऐकू आला.

"आता बरे," ते म्हणाले, आणि बोलतच सुटले. निम्मं मला समजत नव्हतं. मीटिंगला बोलवायला दोनदा माणूस येऊन गेला. मी ऑफिसच्या जिन्यात बसून हुंकार देत राहिलो. बोलता बोलता त्यांना झोप लागली, तरी मी देतच होतो.