रिकाम्या कॅमेऱ्यापुढचं भाषण

रघुनाथ गेल्याची बातमी मला बारामतीत, एसटी स्टँडसमोरच्या माझ्या सायकलच्या दुकानात कळली. इंदापूरच्या गाडीतून उतरलेल्या एका ओळखीच्या माणसानं लांबूनच हाक मारली, "ऐकलं का? तुमचा पायताणराक्षस गेला. ताप डोक्यात गेला म्हनं." आणि हे सांगताना तो हसला. माणूस मेल्याची बातमी देताना हसला! माझ्या हातात हवा भरायचा पंप होता, तो त्याच्या टाळक्यात घातला नाही हे त्याचं नशीब. महिना होऊन गेला, तरी राग उतरलेला नाही... म्हणून लिहायला बसलो आहे.

रघुनाथचं शेत भवानीनगरच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला. वांगी, टोमॅटो घेऊन तो बाजाराला यायचा आणि माझ्या दुकानात टेकायचा. पण आमची दोस्ती जमली ती नाटकामुळं. जत्रेच्या नाटकात मी पडदा ओढायचो आणि तो राजा व्हायचा. काय आवाज होता! कर्णा बंद पडला की लोकांना बरंच वाटायचं, कारण मग तो आवाज निखळ ऐकायला मिळायचा. मागं बैलगाडीत बसलेल्या म्हाताऱ्यांनाही त्याचा शब्द न् शब्द कळायचा. त्याचं नाटक आहे म्हटलं की आसपासची गावं गाड्या जुंपून यायची.

तोच आवाज ऐकून पुण्याचे एक दिग्दर्शक त्याच्यामागं लागले. हे गृहस्थ 'यंत्रकाळ' नावाचा सिनेमा काढत होते. यंत्रं शहाणी होतात, माणसांवर उलटतात आणि अख्खी मानवजात संपवतात, अशी गोष्ट. खिशात दमडी नाही आणि गोष्ट जगाच्या अंताची! रॉकेलच्या डब्यांचे पत्रे ठोकून एक चिलखत केलं, त्यात रघुनाथला कोंबलं आणि डोक्यावर पत्र्याचंच घमेलं उपडं घातलं. यंत्रांची फौज म्हणायची ती एवढीच. पायांना पत्रा पुरला नाही, म्हणून पायात त्याचीच पायताणं. तोंड झाकून काम करायला रघुनाथ तयार झाला तो एकाच वचनावर. शेवटी मरताना यंत्र घमेलं काढणार, त्याचा चेहरा दिसणार आणि तो माणसांना उद्देशून मोठं भाषण करणार, असा दिग्दर्शकांनी शब्द दिला होता. त्या भाषणापायी तो भर उन्हात पत्र्यात भाजून निघाला. अंगावर फोड आले तरी दुकानात बसून मला ते पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायचा. "भाषन लई झ्याक हाय रं," एवढंच वर.

सिनेमा बारामतीत तंबूत लागला. रघुनाथ माझ्या शेजारी बसला होता. यंत्र माणसांचा नाश करायला एका घरात शिरतं, तो प्रसंग आला... आणि उंबऱ्याशी यंत्र थबकलं. पायातली पायताणं काढली, पायानंच नीट जोडून कडेला सारली, मग आत जाऊन दोन्ही हात वर करून घरातल्यांच्या अंगावर धावलं! दुसऱ्याच्या घरात पायताणासकट जायचं रघुनाथच्या अंगातच नव्हतं. तंबू हसून फुटायची वेळ आली. कनातीपलीकडून बायकांतली एक ओरडली, "आरं राक्षसा, पाय बी धू की!"

हसण्यासारखं होतंच, नाही म्हणत नाही. पण दिग्दर्शकांना ते दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. फिल्म वाचवायला तसंच ठेवलं. रघुनाथचं मात्र हसणाऱ्यांकडं लक्षच नव्हतं, तो भाषणाची वाट बघत होता. यंत्र धडपडत कालव्याशी गेलं, पाण्यात पडलं आणि अक्षरं आली, 'समाप्त'. घमेलं निघालंच नाही. बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, "माजं भाषन कुठं गेलं रं?"

कुठं गेलं ते पुढं कळलं. भाषण घ्यायच्या दिवशी दिग्दर्शकांकडची फिल्म संपली होती. नाही म्हणायची लाज वाटली म्हणून त्या माणसानं रिकामा कॅमेरा फिरवत ठेवला आणि रघुनाथकडून ते सगळं भाषण, डोळ्यांत पाणी येईस्तोवर म्हणवून घेतलं. याला मी फसवणूक म्हणत नाही, याला मला शब्दच सापडत नाही.

पुढच्या जत्रेत रघुनाथ राजा होऊन रंगमंचावर आला, श्वास घेतला, आणि पुढून कुणीतरी ओरडलं, "महाराज, पायतान काडा!" तो तसाच आत निघून गेला. मला पडदा ओढावा लागला. पुन्हा त्यानं तोंडाला रंग लावला नाही. आणि तो गेल्यावर झालेल्या शोकसभेत गावच्या प्रतिष्ठितांनी काय सांगावं? तीच पायताणाची गोष्ट! "तुमच्या जिभंला काय हाड हाय का न्हाय?" असं विचारून मी उठून आलो.

मागच्या आठवड्यात रघुनाथच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्या गोठ्यात रिकामी बादली घेऊन बसल्या होत्या. म्हैस पान्हा सोडत नव्हती.

"हे गेल्यापासनं असंच चाललंय, भावजी. धार काडताना हे त्ये भाषन म्हनायचे. तिला त्या आवाजाची सवं हाय."

"रोज म्हणायचा?"

"व्हय. शिनेमा झाल्यापासनं रोज."

मला रडू आलं नाही, संताप आला. ज्याला ऐकायला गावंच्या गावं गाड्या जुंपून यायची, त्याला ऐकायला शेवटी एक म्हैस उरली होती...

"तुमाला ठावं आसंल की त्ये. म्हनून बघा," वहिनी म्हणाल्या.

मी बादली घेऊन बसलो. पोटातून जोर काढून सुरुवात केली, "मानवांनो, ऐका..."

म्हशीनं कान हलवला, मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि बादली लाथाडली. बरोबर केलं तिनं.